मेसेज नाही म्हणजे सगळं ठीक

आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत नवीन माणूस कामावर लागला की पहिल्या आठवड्यात मी त्याला एक प्रश्न विचारते. ऑब्जेक्टनं आपलीच एक मेथड आतल्या आत बोलावली, तर मधला इंटरसेप्टर चालतो का? बहुतेक जण म्हणतात, चालतो ना मॅडम, का नाही चालणार? मग माझा आवाज चढतो. नाही चालत! लिहून घ्या, चार वेळा लिहा. व्हिडिओ कॉलवर एकमेकांकडे बघता येत नाही म्हणून बरं, नाहीतर पोरांनी डोळे मिचकावले असते. बाई खडूस आहे म्हणत असतील. म्हणू देत बापडे.

ही चूक माझ्या आईच्या जिवावर बेतली. तिला जाऊन आता चार वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात बाबाही गेले, म्हणून आज हे लिहायला बसले आहे. ते असताना यातलं एक वाक्यही कागदावर आणायची माझी हिंमत नव्हती.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. बाबा तरुणपणी भिलाईच्या स्टील प्लांटात फिटर म्हणून लागले, तिथेच रिटायर झाले आणि सेक्टरमधलं तेच क्वार्टर लीजवर घेऊन राहिले. घरात आमची नागपुरी, उंबऱ्याबाहेर पाय पडला की हिंदी. मी एकुलती एक. लग्न केलं नाही, आणि त्यावरून बाबांशी माझं जे वाजलं ते वर्षानुवर्षं वाजतच राहिलं. दोघांच्याही नाकावर राग. मध्ये आई. बाबांना मला काही सांगायचं असलं की ते आईला सांगत, आई त्यातलं तिखट काढून मला सांगे. माझं उत्तरही ती तसंच निवडून पाखडून त्यांच्यापर्यंत पोचवी. तीन खोल्यांच्या घरात हा कारभार चाले, आणि बरा चाले.

नोकरी मी नागपूरच्या एका लहानशा कंपनीत करते, भिलाईच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून. रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो, जावामध्ये. आता हा इंटरसेप्टर काय असतो ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सोपं आहे, घाबरू नका. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्ट जमा करून घेणारा एक भाग आहे, त्याला ऑब्जेक्ट म्हणतात, आणि त्याच्या एकेका कामाला मेथड. फ्रेमवर्क, म्हणजे ज्यावर आम्ही सॉफ्टवेअर उभं करतो तो तयार सांगाडा, काय करतो, त्या भागासमोर त्याच्याच नावाचा, त्याच्याच तोंडावळ्याचा एक पहारेकरी उभा करतो. त्याला प्रॉक्सी म्हणतात. बाहेरून कुणीही "हा रिपोर्ट जमा कर" म्हटलं की ती हाक आधी पहारेकऱ्याकडे जाते. आत सोडायच्या आधी त्यानं करायचं जे काम असतं, तो इंटरसेप्टर. आमच्याकडे ते काम असं होतं: रिपोर्टातले आकडे बघायचे, आणि एखादा आकडा जिवाला धोका होण्याइतका वर-खाली असेल तर डॉक्टरांना आणि घरच्यांना ताबडतोब मेसेज पाठवायचा. हे मी स्वतः लिहिलं होतं. त्याचा मला भारी गर्व होता.

गर्व किती, तर घरी बाबांनाही शिकवून ठेवलं. आईचा साखरेचा आजार जुनाच, त्यात त्या वर्षी किडनी थोडी कमजोर निघाली. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून दिली आणि दोन आठवड्यांनी रक्त तपासा म्हणाले. भिलाईतल्याच सुपेल्यात आम्ही जिथे रक्त द्यायचो, ती लॅब आमचंच सॉफ्टवेअर वापरायची. आईजवळ मोबाइल नव्हता, म्हणून नंबर बाबांचा दिला होता. मी बाबांना म्हटलं, "काही गडबड असली तर पाच मिनिटांत तुमच्या फोनवर मेसेज येते. नाही आला तर समजायचं, सगळं ठीक आहे. माझ्या हातचं काम आहे ते."

"हाव का?" बाबा म्हणाले, आणि त्याच पावली शेजारच्या काकांना सांगून आले. माझं कौतुक त्यांनी माझ्या तोंडावर कधी केलं नाही, पण त्या दिवशी कंपाउंडच्या पलीकडून मला ऐकू आलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी आठला बाबा आईला स्कूटरवर बसवून सुपेल्याला घेऊन गेले आणि रक्त देऊन घेऊन आले. आल्यापासून ती म्हणत होती, पायात जीव नाही वाटत. एप्रिलचं ऊन, आम्हाला वाटलं उन्हानं थकली. मी मागच्या खोलीत मीटिंगमध्ये होते. दोनच्या सुमारास बाबा दारात येऊन उभे राहिले. आई पडून होती म्हणून स्वतः आले, नाहीतर आले नसते.

"तिचा रिपोर्ट आला का?"

मी एका कानावरचा हेडफोन सरकवला. "तुमाले मेसेज आला का?"

"नाही."

"मग ठीक आहे न! मीटिंग चालू आहे, बाबा."

आणि दार ओढून घेतलं. समोर लॅपटॉप उघडा होता. लॅबच्या पानावर जाऊन आईचं नाव टाकायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. रिपोर्ट तिथे बारा वाजल्यापासून होता. मी तो उघडला नाही.

बाबा निश्चिंत झाले. रिपोर्ट ठीक आहे, म्हणजे नुसता थकवा आहे, म्हणजे ताकद यायला पाहिजे. ते मार्केटात गेले, दोन हिरवे नारळ फोडून पाणी घेऊन आले, स्टीलच्या गिलासात ओतलं आणि आईला उठवून बसवून स्वतःच्या हातानं पाजलं. "आज मोठे लाड करून राहिले," ती म्हणाली. मला भिंतीपलीकडून ऐकू आलं, आणि मला हसूही आलं. पाच वाजता ती उठेना. शेजारच्या काकांनी गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, इतक्यात काही तपासण्या केल्या होत्या का? मी फोनवर रिपोर्ट उघडून त्याच्यासमोर धरला. पोटॅशियमचा आकडा लाल होता. तो बघून डॉक्टर म्हणाला, "इतने पोटैशियम में दिल कभी भी रुक सकता है." बाबा माझ्या बाजूलाच उभे होते. पोटॅशियम हा शब्द त्यांच्या कानावर पहिल्यांदाच पडला, पण ते काय असतं हे त्यांनी विचारलं नाही.

आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईपर्यंत घरात माणसं येत-जात राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला बाबा एक गोष्ट सांगत. "शेवटी माझ्या हातचं नारळपाणी पेली ती. तेवढंच समाधान आहे." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. किडनी कमजोर असली की ती नवी गोळी पोटॅशियम चढवू शकते, आणि ते कशाकशात असतं, हे मी तोवर फोनवर वाचून काढलं होतं. केळं, टमाटर, आणि नारळपाणी. किडनी कमजोर असलेल्याला ते जपून द्यायचं असतं, आणि आकडा चढलेला असताना तर द्यायचंच नसतं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं. मी ट्रे ठेवला, मोरीत गेले, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी फोन करून सरळच विचारलं, एका ग्लासानं फरक पडला असेल का? ते म्हणाले, आकडा आधीच फार वर होता. सांगता येत नाही. हे विचारत बसू नका, त्रास होईल. त्यांना माझा स्वभाव माहीत नव्हता. मला आता कुणाची तरी गचांडी धरायची होती. मेसेज का आला नाही?

कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सुपेल्याला गेले, भांडायलाच. लॅबच्या काउंटरवरच्या माणसाला लोकांदेखत वाट्टेल ते बोलले. "रिपोर्ट दबा के बैठ गए थे आप लोग! इंसान की जान की कोई कीमत है कि नहीं?" तो पन्नाशीचा गृहस्थ होता, उलटून बोलला नाही. त्यानं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "देखिए मैडम. उस दिन मशीन की लाइन बंद थी, तो सबके रिपोर्ट शीट में भर के एक साथ चढ़ाए. ये देखिए, बारह बज के दस मिनट. मैसेज हम लोग नहीं भेजते, सिस्टम अपने आप भेजता है."

एक साथ चढ़ाए. सगळे रिपोर्ट एका शीटमध्ये भरून एकदम चढवायची सोय. ती दोन वर्षांपूर्वी मीच लिहिली होती. त्या माणसाची माफी मागायला मी नंतर पुन्हा गेले, पण त्या दिवशी तशीच पायऱ्या उतरले.

घरी येऊन कोड उघडला. शोधावंही लागलं नाही. शीटमधली एकेक ओळ घ्यायची आणि रिपोर्ट जमा करणाऱ्या मेथडला द्यायची. दोन्ही मेथड एकाच ऑब्जेक्टमधल्या, म्हणून मी ती थेट बोलावली होती, आतल्या आत. आणि आतल्या आत बोलावलं की पहारेकरी मध्ये येतच नाही, कारण तो दाराबाहेर उभा असतो. त्या दिवशी रिपोर्ट सगळे नीट जमा झाले, आकडे मात्र कुणी बघितले नाहीत. यावरचा उपाय जुना आहे. ऑब्जेक्टनं फ्रेमवर्ककडून स्वतःचाच संदर्भ मागून घ्यायचा आणि आपली मेथड त्या संदर्भातून बोलवायची, म्हणजे हाक बाहेरून फिरून दारातून येते. दोन ओळींचं काम. मी चाचण्याही लिहिल्या होत्या. एक रिपोर्ट जमा केला की मेसेज जातो का? जातो. शीट चढवली की सगळे रिपोर्ट जमा होतात का? होतात. शीट चढवली की मेसेज जातात का, हे बघायचं मला सुचलं नाही.

त्याहून वाईट गोष्ट त्या ओळीखाली होती. तेव्हा माझा कोड तपासणाऱ्या सहकाऱ्यानं तिथे लिहून ठेवलं होतं, "इथे थेट बोलावलं आहे. प्रॉक्सी चुकणार नाही ना?" आणि त्याखाली माझं उत्तर होतं, "आपल्याच घरात शिरायला बेल कशाला वाजवायची?" पुढे हसणारा चेहरा. बिचारा गप्प बसला. माझ्याशी वाद घालायची ऑफिसात कुणाची छाती नव्हती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, आणि मी घेतली मारून, खरंच, दोनदा.

दुरुस्ती त्याच दुपारी केली. मालकाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, आत्ता तुम्ही दुःखात आहात, हे नंतर बघू. मी म्हटलं, नंतर नाही, प्रत्येक लॅबला आजच कळवायचं, नाहीतर मी कळवते. त्यानं कळवलं. ते सगळं झालं, आणि मग घरात मी आणि बाबा राहिलो.

त्यांना सांगावं की नाही? सांगितलं तर ते मला तोडतील, ही भीती होतीच. पण दुसरी भीती तिच्याहून मोठी होती. मेसेज कशासाठी यायला पाहिजे होता हे सांगायचं, तर पुन्हा पोटॅशियमचं नाव निघणार, आणि तिथून नारळपाण्यापर्यंत किती अंतर आहे? त्या माणसाजवळ उरलेलं तेवढंच समाधान मी हिसकावून घेणार. न सांगता राहावं, तर त्यांच्या ताटात वाढताना मला मान वर करता येत नव्हती. शेवटी ठरवलं, आपली चूक सांगायची आणि त्या गिलासाचं नाव काढायचं नाही.

रविवारी सकाळी ते पेपर वाचत होते. मी समोर बसले आणि सांगितलं. पहारेकरी, आतली हाक, शीट, सगळं. मग पेपरची घडी घालून ते म्हणाले, "म्हणजे जो पहिलेपासूनच गेटच्या आत आहे, त्याचा पास कोणी पाहत नाही."

"हाव, बाबा."

इंजिनिअर पोरांना जे समजायला दोन दिवस लागतात, ते त्यांना एका वाक्यात समजलं. उभा जन्म प्लांटच्या गेटातून जा-ये केलेला माणूस. "सुधराले किती टाइम लागला?" त्यांनी विचारलं.

"दहा मिनिटं."

ते उठून उभे राहिले. "मी तुले दोन वाजता विचाराले आलो होतो."

"हाव."

"तू मले हाकलली." आता त्यांचा आवाज चढला. "तू मारली तिले. तुया घमेंडीनं मारली! जिंदगीत कधी कोणाचं ऐकलं नाही, आपलंच खरं, आपलंच खरं. घे आता!"

माझ्या तोंडाशी आलं होतं. मी कधी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही, आईचंसुद्धा नाही. आणि पाजलं कोणी, बाबा? चार शब्द होते, जिभेवर येऊन थांबले होते. मी जीभ दाताखाली धरली. त्यांच्या हातातला पेपर खाली पडला होता. मी म्हटलं, "हाव बाबा. मी मारली."

त्यानंतर दीड वर्ष ते माझ्याशी बोलले नाहीत. इकडचं तिकडे सांगायला आता मध्ये कुणी नव्हतं. मी ताट वाढून ठेवायची, ते घेऊन आपल्या खोलीत जायचे. मी गोळ्या काढून ठेवायची, ते खायचे. जवळच दुर्ग शहरात बँकेचं काम असलं की शेजारच्या काकांबरोबर जायचे, मी गाडी काढून दारात उभी असले तरी. पाहुणे आले की मात्र त्यांचा आवाज ऐकू यायचा. शेवटी माझ्या हातचं नारळपाणी पेली ती. मी आतून ऐकायची आणि चहा टाकायची. राग यायचा. खोटं कशाला सांगू, कधी कधी असा राग यायचा की वाटे, बाहेर जाऊन सगळ्यांसमोर सांगून टाकावं. पण तेवढा चहा उकळेपर्यंत तो राग उतरायचा, आणि मी ट्रे उचलून बाहेर जायची.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी ते अंगणात उन्हात बसून लाखोळीची भाजी निवडत होते. मी तारेवर कपडे वाळत घालत होते. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "ते पोटॅशियम. ते नारळपाण्यात असते का?"

माझ्या हातात ओली चादर होती. "कोणी सांगितलं?"

"मोबाइलवर एक डॉक्टर सांगून राहिला होता."

मी चादर झटकली, तारेवर टाकली, सुरकुत्या काढल्या. मग म्हटलं, "थोडंसं असते. एका गिलासानं काही होत नाही. मी विचारलं न डॉक्टरले. त्यानं साफ सांगितलं, काही फरक पडत नाही म्हणून." डॉक्टर असं म्हणाले नव्हते. पण ते माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं.

बाबांचे हात थांबले. "तू विचारलं होतं? कवा?"

"तवाच." हे निघून गेलं तोंडातून.

ते माझ्याकडे बघत राहिले. दीड वर्षात पहिल्यांदा सरळ तोंडाकडे बघितलं. "म्हणजे मी तुले एवढं बोलून राहिलो होतो, तवा तुले माहीत होतं."

मी चादरीची कड पुन्हा सरळ केली.

"मंग बोलली कावून नाही तू?"

"काय बोलू, बाबा? तुमी मायेनं पाजलं होतं."

ते रडले. आई गेली तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तोंडावर हात घेतला नाही, टॉवेल घेतला नाही, मांडीवरची भाजी सगळी खाली सांडली. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि मीही रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि किती तरी वेळ उचलला नाही. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मीही माफी मागितली नाही. मग त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "नाही होत न काही, एका गिलासानं?"

"नाही होत, बाबा."

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलू लागले, आणि पाहुण्यांना ती गोष्ट सांगायचे थांबले. पुन्हा कधीच सांगितली नाही. मला मात्र विचारत राहिले. जेवताना विचारत, गोळी हातात घेतल्यावर विचारत, एकदा तर बँकेच्या रांगेत उभं असताना विचारलं. एका गिलासानं काही होत नाही न? मी हातातलं काम सोडून, त्यांच्याकडे बघून, दर वेळी तेच सांगायची. या एका गोष्टीवर मी त्यांच्यावर कधी चिडले नाही. गेल्या हिवाळ्यात शुद्ध हरपायच्या आधी त्यांनी शेवटचं विचारलं. आवाज फुटत नव्हता, ओठांवरून कळलं. मी सांगितलं, आणि त्यांनी डोळे मिटले.

त्यांना माझं कधीच पटलं नाही. पटलं असतं तर इतक्यांदा विचारलं नसतं.